घशाखालच्या गोष्टी

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी दोन पत्रं पाच महिने माझ्या टेबलाच्या खणात आहेत. उत्तर दिलं नाही याची लाज वाटते, आणि कामाचं निमित्त सांगायला बसले तर ते खोटं ठरेल. फोनही मुद्दामच उचलले नाहीत. माझा आवाज ऐकून तू दोन वाक्यांत ओळखलं असतंस. तेव्हा आधी सगळं वाच, मग काय बोलायचं ते बोल.

चार नोव्हेंबरला माझं पोटाचं ऑपरेशन झालं. वजनासाठी. पोटाचा वरचा लहानसा भाग शिवून वेगळा केला आणि आतडं त्याला जोडलं. बाकीचं पोट आत आहेच, पण अन्नाची वाट आता तिथून जात नाही. नवं पोट अंड्याएवढं. चार चमचे झाले की जेवण संपलं.

तुला आधी का सांगितलं नाही, याचा मी बराच विचार केला. तू नको म्हणशील ही भीती होतीच. पण त्याहून खरं कारण असं, की हे फसलं तर कमी लोकांना माहीत असावं. बहिणीला लोकांत मोजलं, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. मावसबहीण म्हणायला, बिस्किटाच्या कारखान्यात मला चव घ्यायला तूच शिकवलंस. एक नंबरच्या कप्प्यात तू, दोन नंबरच्यात मी, सोळा वर्षं. बिस्किटाचा रंग कळू नये म्हणून वर लाल दिवा. बारा वेळा चावायचं, कागदावर नोंद करायची, झाकणाच्या पेल्यात थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, पुढचा नमुना. कामावर दिवसभरात एक घासही मी गिळत नसे. आणि संध्याकाळी घरी येऊन फ्रिजच्या उघड्या दाराशी उभ्या उभ्या अख्खा ब्रेड संपवत असे. तो शिळा होता की ताजा, हेही सांगता आलं नसतं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. एकशे सव्वीस किलो तुला दिसतच होते म्हणा.

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ, औषधाच्या इवल्याशा मापाने. मग गाळलेलं, मग मऊ, आणि आता साधं अन्न. हॉस्पिटलमध्ये आहार सांगणाऱ्या बाई आहेत, त्यांनी मला बाळाचा चमचा दिला आणि सांगितलं, "घास शेंगदाण्याएवढा, तीस वेळा चावायचा, आणि जेवताना पाणी नाही." आमच्या घरी त्यांचं नाव चमचेबाई. त्यांनी एक वहीही दिली आहे. त्यात काय खाल्लं ते ग्रॅममध्ये लिहायचं. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायलाच हवीत, नाहीतर शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागतं, असं त्या म्हणाल्या.

डिसेंबरात एकदा घास अडकला होता. पण ते होऊन गेलं.

आज वजन अठ्ठ्याण्णव. नवरा त्याच्या ड्रायव्हिंग शाळेतल्या शिकाऊ मंडळींना माझे आकडे सांगत असतो. मी त्याला बजावलंय, पण ऐकेल तर शपथ.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
चिमणी

•

१८ फेब्रुवारी

चिमणे,

रागावले. तीन दिवस रागावले, सूनबाईशीसुद्धा नीट बोलले नाही, त्या बिचारीचा काय दोष. चौथ्या दिवशी म्हटलं, आता ही अठ्ठ्याण्णव किलोची चिमणी दिसते तरी कशी ते बघायला हवं. फोटो पाठव. पाठवायच्या आधी केस विंचर.

आणि मला "लोक" म्हणालीस ते मी लक्षात ठेवलंय. पुढच्या भांडणात काढीन.

फ्रिजच्या दाराशी काय चालायचं ते मला माहीत होतं गं. सोमवारी सकाळी तुझी जीभ जड असायची, पहिल्या दोन नमुन्यांना तू हमखास चुकायचीस. मी कधी बोलले नाही, ही माझी चूक. त्यावर आता काय करणार.

माझं ऐक. मला ग्रॅम नकोत, ते तुझ्या चमचेबाईला दे. मला चवी लिही. आपल्या फॉर्मवर लिहायचो तशा: आधी काय लागलं, मध्ये काय, शेवटी जिभेवर काय राहिलं. एवढंस्सं खातेस तर ते नक्की कसं लागतं? गुडघ्यांपायी मी घरातच असते, मला दुसरं करमणुकीचं काही नाही. सगळं लिही. फळ असेल तर सालीपासून लिही.

काल भांडं करपलं आणि मी तिथून दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचत होते. सूनबाई बाहेरून धावत आली. "आई, अहो घरभर धूर झालाय!" म्हातारपणी माणूस पेपरात फार रमतं.

ताई

•

१५ मार्च

प्रिय ताई,

तू सांगितलंस तसं लिहिते. गेल्या रविवारचं जेवण.

भोपळ्याचं सूप: सुरुवातीला गोड, मध्ये मातकट, शेवटी मिऱ्याची धग टाळूला. उकडलेलं अंडं: पांढऱ्यात काही नाही, पिवळ्याला गंधकाचा अंधुक वास, म्हणजे नवऱ्याने दोन मिनिटं जास्त उकडलं. वाफवलेला मासा: आधी लोण्यासारखा, मग पावसात भिजलेल्या दोराचा वास येतो तसं काहीतरी, मला तो आवडला. भाजलेलं गाजर: कडेच्या जळक्या भागात खरी चव, मधला भाग नुसताच सज्जन. मऊ भात: तीस वेळा चावला तर शेवटी दुधासारखा गोड होतो, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. दही: आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना, मागून किंचित धातू. आणि पिकलेली नासपती. सालीजवळ तुरट, आत नुसतं पाणी, आणि मग दाताखाली ते बारीक वाळूसारखे कण. वास फुलासारखा, पण फूल कुठलं ते ओळखता आलं नाही. मी एक तास विचार केला.

एक तारखेपासून पुन्हा कामावर जाते. चवखोलीत तुझ्या कप्प्यात आता मीच बसते. तीन नमुन्यांतला वेगळा ओळखायच्या चाचणीत मी सलग बावीस वेळा बरोबर आले. लॅबच्या साहेबांनी कागद दोनदा तपासला आणि म्हणाले, "बाई, पोटाबरोबर जीभही नवी बसवून घेतलीत की काय?" मी आयुष्यात इतकी चांगली कधीच नव्हते, ताई. लाल दिव्याखाली बसले की वाटतं, इथे मी कुणाला घाबरत नाही.

वजन एक्क्याण्णव. केस थोडे जास्तच गळतात आणि संध्याकाळी घोट्यांना सूज असते. रक्ताच्या तपासणीत प्रथिनांचं माप साडेतीन हवं, ते तीन आलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण डॉक्टरांच्या कपाळाला त्या असतातच. महिन्याने पुन्हा बोलावलंय.

फोटो सोबत. केस विंचरले आहेत, जेवढे आहेत तेवढे.

तुझी,
चिमणी

•

२३ मार्च

चिमणे,

काय पत्र लिहिलंस! सूनबाईने ताट वाढलं, तुझं पत्र पाण्याच्या तांब्याला टेकवून उभं केलं आणि वाचत वाचत जेवले. नासपतीचं तीनदा वाचलं. "मधला भाग नुसताच सज्जन" यावर मला ठसका लागला. नातवंडं असती तर त्यांनाही वाचून दाखवलं असतं. ते फूल ओळखू आलं तर पहिल्यांदा मला कळव.

२४ मार्च

काल पत्र बंद करणार होते, केलं नाही. आज पुढे लिहिते.

काल माझं ताट रिकामं झालं तेव्हा तू पाचव्या पदार्थावर होतीस. मी दोनदा वाढून घेणारी बाई, धडधाकट भूक, आणि माझं संपलं तरी तुझे दोन पदार्थ शिल्लक. रात्रभर तो आकडा डोक्यात वळवळत होता. सकाळी तुझं पहिलं पत्र काढलं. त्यात तूच लिहिलंयस, चार चमचे झाले की जेवण संपलं.

मग सात पदार्थ गेले कुठे गं?

आणि प्रत्येकाचं शेवटी जिभेवर काय राहिलं ते लिहिलंयस. पोटात काय झालं, ते एकदाही नाही. पोट भरलं नाही, दुखलं नाही, ढेकर नाही. असं फक्त चवखोलीत बसलेलं माणूस लिहितं.

चिमणे, घरात पेला कुठे ठेवतेस?

मी हे पहिल्याच वाचनात पकडायला हवं होतं. का पकडलं नाही, तेही सांगते, नाहीतर तुला एकटीला पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होईल. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. एक मोठी सर्दी आली आणि जाताना घेऊन गेली. मीठ, साखर, आंबट, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं ओला पुठ्ठा. गुडघे दुखतात ते खरंच, पण नोकरी मी गुडघ्यांसाठी सोडली नाही. शेवटचे दोन महिने फॉर्म अंदाजाने भरले आणि कुणाला कळायच्या आत उठले. घरात कुणालाच माहीत नाही. ते भांडं करपलं तेव्हा मी पेपरात रमले नव्हते.

तुझ्या चवींवर मी जेवले, म्हणून मला तू उपाशी दिसली नाहीस. आणि अजून हव्यात, अजून लिही म्हणून मीच तुला पुढे ढकललं.

उत्तर लवकर दे. यावेळी पाच महिने लावलेस तर गुडघ्यांसकट येऊन उभी राहीन.

ताई

•

१९ एप्रिल

प्रिय ताई,

पाच महिने नाही, पण चार आठवडे लावले. तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही पत्रांत मी स्वतःला सोडवून घेत होते. ती फाडली. हे चौथं.

खिडकीत, पुदिन्याच्या कुंडीमागे. स्टीलचा, झाकणाचा. मी स्वतः धुते.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला नणंदेकडे जेवायला गेलो होतो. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. कोंबडीचा एक तुकडा मी बोलता बोलता नीट न चावता गिळला. तो छातीच्या मधोमध बसला. वर नाही, खाली नाही. चाळीस मिनिटं मी त्यांच्या बाथरूममध्ये बेसिनला धरून उभी होते, तोंडातून नुसता फेस येत होता, आणि बाहेर नणंद दार वाजवत होती, "वहिनी, बरं आहे ना? वहिनी, दार तरी उघडा." मला वाटलं, संपलं. मग तो आपोआप सरकला. मी तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, बरं आहे.

दुसऱ्या दिवशी पहिला घास तीस वेळा चावला, आणि घसा बंद. दार लावून घ्यावं तसा. साठ वेळा चावला. मग पेल्यात टाकला. ताई, काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! सोळा वर्षांची सवय, हाताला काही शिकवावं लागलं नाही. तेव्हापासून घट्ट असं काहीही मी गिळलेलं नाही. दूध आणि गाळलेलं सूप, एवढ्यावर आहे. चमचेबाईंच्या वहीत मात्र सगळे घास ग्रॅमसकट आहेत. मी लहानपणापासून डायरी लिहिते आणि तिच्यात कधी खोटं लिहीत नाही, याचा मला अभिमान होता. वहीतला प्रत्येक आकडा खरा आहे. तो घास पुढे कुठे गेला, एवढंच मी वहीला सांगितलं नाही. हा प्रामाणिकपणा आहे असं मी तीन महिने धरून चालले.

तुझं पत्र आल्यावर मला आधी तुझाच राग आला, तोही लिहून टाकते. दोन वर्षं तू मला सूनबाईच्या सूपमध्ये मीठ एक कण कमी, एक कण जास्त असं कळवत होतीस आणि मी तुझी जीभ अजून शाबूत आहे म्हणून खूश होत होते. मग कळलं, की मी तुझ्यावर चिडते आहे ती माझ्यावरची पाळी टाळायला.

सात एप्रिलला तपासणी झाली. दोन पूर्णांक आठ. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अडीचच्या खाली गेलात तर मी तुम्हाला दाखल करून नाकातून नळी घालणार आहे. मला ते करायचं नाही. काय चाललंय ते सांगता का?" मी म्हणाले, भूक लागत नाही. तेही खरं होतं. खरं बोलून लपवायची कला मला आता फार चांगली येते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने कुंडी बाजूला करून पेला उचलला.

"मला वाटायचं, तू चूळ भरतेस यात."

"नाही."

"म्हणजे तू जेवतच नाहीयेस?"

"चावते."

"चावते म्हणे! न्यूट्रलमध्ये नुसती रेस देऊन गाडी हलते का?"

मी हसले, तो हसला नाही. म्हणाला, "मी रोज तुझं रिकामं ताट बघून खूश व्हायचो गं." आणि पेला घासायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी दोघं चमचेबाईंकडे गेलो. त्यांनी वही बंद केली, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असं करणारी मी पहिली नाही. घशाला काही झालेलं नाही, तो घाबरलाय, त्याला रोज थोडं थोडं शिकवावं लागेल. पुढची तपासणी अठ्ठावीस मेला. तोवर आकडा वर गेला पाहिजे.

पण कसं शिकवायचं? घास तोंडात असला की मी त्याची चव लिहायला लागते, मनातल्या मनात. आणि चव लिहून झाली की काम झालं, थुंकायचं. मला मधलं काही येतच नाही.

तुझी,
चिमणी

•

२६ एप्रिल

चिमणे,

मधलं मला येतं. दोन वर्षं मी दुसरं काय करतेय? चवीशिवाय कसं खायचं याची माझ्याएवढी जाणकार तुला सापडायची नाही. तेव्हा बस आणि ऐक.

रोज दुपारी एक वाजता. तू तिथे, मी इथे. एकच पदार्थ. दुसरा ताटात घेतलास तर माझ्याशी गाठ आहे. पहिला आठवडा अर्धं उकडलेलं अंडं, दह्यात कालवून. घास शेंगदाण्याएवढा, तुझी चमचेबाई म्हणते तेच. पाठ खुर्चीला टेकव. चावताना चवीकडे जाऊ नकोस. गरम आहे की गार, जाड आहे की बारीक, एवढंच बघ. मला तेवढंच कळतं म्हणून मी तेवढंच बघते. सगळं बारीक झालं की हनुवटी थोडी खाली आणि गिळ. मग चमचा ठेवायचा, हात मांडीवर, आणि तो घास कुठवर पोचला ते ऐकायचं. ऐकू येतं. सुरुवातीला खोटं वाटेल.

आणि पत्रांचा नियम बदलतेय. तोंडात काय झालं त्याबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. आधी, मध्ये, शेवटी, सगळं बंद. घशाखाली काय झालं, तेवढंच. माझं जेवण बेचव होईल, होऊ दे. दोन वर्षं होतंच.

पेला नवऱ्याला देऊन टाक. त्यात स्क्रू ठेवू दे.

सूनबाईला सांगितलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, "आई, मी आपली रोज विचारते, कसं झालंय, कसं झालंय, आणि तुम्ही..." मी म्हटलं, बाई, मीठ खरंच कधी चुकलं नाही तुझं. आता ती मला भाजीचा वास कसा येतोय ते शेगडीपाशी उभी राहून ओरडून सांगते. वर्णनं भयंकर असतात. "आई, आज जरा कपाटासारखा येतोय!" तू तिच्यापेक्षा बरी होतीस.

तुझा राग पोचला. बरोबर आहे. माझ्याकडेच ठेवायला पाठवलास ना? ठेवलाय.

एक वाजता.

ताई

•

२९ मे

प्रिय ताई,

नियमाप्रमाणे लिहिते.

पहिला दिवस, ३० एप्रिल: हनुवटी खाली केली. गेला नाही. दोन मिनिटं तोंडात धरून शेवटी कागदात टाकला. दुसरा दिवस: तसंच. मी रडले. दोघांनी सुट्टी काढली होती, नवरा म्हणाला, "पहिल्या दिवशी कुणी घाट चढत नाही." तिसऱ्या दिवशी तो समोर बसून त्याच्या शाळेतले वाहन परवान्याचे प्रश्न मोठ्याने वाचायला लागला. "समोर पादचारी असल्यास काय कराल? अ, हॉर्न वाजवाल. ब, वेग वाढवाल. क..." ब ऐकून मला हसू आलं आणि त्या हसण्याच्या आत कुठेतरी घास खाली गेला. मी गिळला की तोच गेला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हात मांडीवर ठेवले. तू म्हणालीस तसं ऐकलं. आधी मानेच्या खळग्यात. मग छातीच्या हाडामागे, तिथे तो जरा थांबला आणि माझ्या तळव्यांना घाम फुटला. मग बरगड्यांच्या खाली, डावीकडे, काहीतरी ठेवल्यासारखं वाटलं. ठेवलं आणि राहिलं. नवरा म्हणाला, "क सांगू का?" मी म्हटलं, थांब, आत्ता बोलू नकोस.

त्या दिवशी दोन घास. चौथ्या दिवशी एकही नाही. पुढे पाच, तीन, सहा. दोनदा अडकल्यासारखं झालं, पण उठून चाललं की सरकतं हे आता ठाऊक आहे. तेरा तारखेला मी पेला मागितला. त्यात खरंच स्क्रू होते. तो म्हणाला, "ओतून देऊ?" मी दाराशी किती वेळ उभी होते ते लिहीत नाही. मग नको म्हणाले.

तुला एक सांगायचं राहिलं. मी लॅबच्या साहेबांना भेटून तपासणीपर्यंत चवखोलीतून नाव काढून घेतलं. दिवसभर थुंकायचं आणि एक वाजता गिळायचं, हे मला एकाच दिवसात जमेना. साहेब म्हणाले, "सलग बावीस, बाई. असं माणूस मी कप्प्यातून उठवू?" मी सगळं नाही, पण पुरेसं सांगितलं. आता मी नमुने बशीत लावते आणि त्यांना नंबर देते. दुसऱ्या मुलींना लाल दिव्याखाली बसलेलं बघून पहिला आठवडा पोटात कालवलं. ही नोंद घशाखालचीच आहे, म्हणून लिहिली.

काल तपासणी झाली. तीन पूर्णांक एक. डॉक्टर म्हणाले, अजून कमीच आहे, पण दिशा बदलली, नळीचा विषय सध्या मिटला. चमचेबाईंनी वहीत माझ्या अक्षराखाली एक मोठी बरोबरची खूण केली, शाळेत करतात तशी. मला ती इतकी आवडली की मी परत परत वही उघडून बघत होते. मग मलाच लाज वाटली, तर नवऱ्याने विचारलं, यात काय वाईट आहे.

बातमी चांगली आहे म्हणून एकच ओळ नियम मोडून लिहिते, आणि तू ती जेवताना वाच: परवा दह्यातल्या अंड्याचा शेवटचा घास खाली उतरून गेल्यावर बऱ्याच वेळाने, कुठून कोण जाणे, मागे नाकात ओल्या खडूसारखा वास आला, स्वच्छ पुसलेल्या फळ्याचा. बस. पुढे विचारू नकोस.

आता आजचं. आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी बशा लावत होते आणि मला मळमळल्यासारखं झालं. बसले. मळमळ नव्हती. बरगड्यांच्या खाली कुणीतरी आतून हळू ओढत होतं. मला ओळखायला खरंच वेळ लागला. ताई, मला भूक लागली होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण चार वाजता कशाला काही लागेल?

पॅकिंगमधल्या काकू शेजारी डबा उघडून बसल्या होत्या. मी आयुष्यात कुणाच्या डब्यात हात घातला नाही. म्हणाले, "काकू, थोडं देता का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या कारखान्याला माझं ऑपरेशन माहीत आहे. "तुला चालेल ना गं?" "चालेल." त्यांनी एक उकडलेला बटाटा मोडून अर्धा हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. शेंगदाण्याएवढे घास, हात मांडीवर, सगळं तसंच. आणि घरी येताना बसमध्ये तुला लिहायचं म्हणून मनात जुळवू लागले, तर त्या बटाट्याची चव मला आठवेना. काहीच नाही. गार होता की गरम, मीठ होतं की नव्हतं. मी दचकले. फ्रिजच्या दाराशी उभी राहणारी ती बाई परत आली की काय? दोन थांबे मी स्वतःची झडती घेतली. मग ओढणीच्या टोकाला बांधलेली गाठ हाताला लागली. तिच्यात बटाट्याचा तुकडा होता, चार घासांएवढा. उरलेला. मी मध्येच थांबले होते आणि मला कुणी थांब म्हटलं नव्हतं. पोट भरलं, एवढंच झालं होतं.

आता नवरा जेवायला हाक मारतोय, तेव्हा इथेच थांबते. डायरीत आजच्या पानाखाली एकच ओळ लिहिली आहे, ती तुलाही कळवते.

उद्या: डब्यात चार वाजताचं काहीतरी ठेवणे.

तुझी,
चिमणी